सहा दिवस ‘घर बंद’

रजिस्टर घ्यायचं नसलं की आमच्या गावात माणूस काय काय करतो, ते आधी सांगतो. सायकलची घंटी ऐकली की तो मागच्या दारानं बोडीकडे, म्हणजे गावच्या तळ्याकडे, निघून जातो. बायको दारात येते आणि म्हणते, “ते गावाले गेले.” त्याच्या चपला दारात असतात, त्याचा खोकला आतून येत असतो, आणि ती माझ्या डोळ्यात डोळे घालून सांगते, “परवाच गेले.” एकानं तर मला पाहून अंगणातल्या खाटेवर चादर ओढून घेतली आणि आतूनच म्हणाला, “मी घरी नाही.” मीही चादरीला म्हटलं, “बरं, आले का सांगजा.”

रजिस्टर म्हणजे रजिस्टर पत्र. आता ते स्पीडपोस्टात मिसळून गेलं, पण गावात शब्द तोच चालतो. साधं पत्र दाराच्या फटीत सारलं तरी भागतं. रजिस्टर मात्र ज्याचं त्याच्या हातात द्यायचं आणि सही घ्यायची. देता आलं नाही तर का देता आलं नाही, ते पोस्टमननं नोंदवायचं. त्याला शेरा म्हणतात. शेरे मोजकेच आहेत: पत्ता अपूर्ण, गाव सोडून गेले, मयत, घर बंद, घेण्यास नकार. पूर्वी पेनानं लिहीत होतो, आता मोबाईलमधल्या यादीवर बोट ठेवायचं असतं. ‘घर बंद’वर बोट ठेवलं तर पत्र सात दिवस पोस्टात थांबतं आणि पोस्टमन पुन्हा जाऊन पाहू शकतो. ‘घेण्यास नकार’वर ठेवलं की ते त्याच दिवशी पाठवणाऱ्याकडे परत निघतं. या दोन शेऱ्यांच्या मध्ये माझी बरीचशी नोकरी गेली, आणि ती संपायला तीन महिने उरले असताना आमच्या गावचं पोस्टही तिथंच येऊन अडकलं.

मी मोहाडी तालुक्यातल्या एका गावात ग्रामीण डाकसेवक होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जन्मभर लोकांच्या मागे ‘पत्ता पुरा लिहा’ म्हणून लागलेल्या माणसानं स्वतःचाच पत्ता लपवावा, हे हसण्यासारखं आहे. पण पुढचं वाचल्यावर तुम्हीच म्हणाल, बरं केलं.

पोस्ट म्हणजे शाळेला लागून असलेली एक खोली. त्यात एक टेबल, एक तराजू, एक पेटी, मी आणि आमच्या पोस्टमास्तरीणबाई. बाई साताऱ्याकडच्या. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं, पण नियम सगळे पाठ. पहिल्या महिन्यात गावातला कोणी “थैली येऊन राहिली” म्हणाला की त्या विचारायच्या, “कुठे राहिली?” थैली दर वेळी बिचारी रस्त्यातच असायची. सकाळी थैली आली की बाई ती फोडत, मी पत्रं लावून घेई आणि सायकल काढी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोस्टमनचं काम म्हणजे सायकल चालवणं. ते कोणीही करील. आमच्या गावात अशोक निखाडे नावाचे चार इसम आहेत. एक चक्कीवाला अशोक, एक डावा अशोक, एक बारका अशोक, जो आता शंभर किलोच्या वर असेल, आणि चौथ्याला काहीच नाव पडलं नाही म्हणून तो नुसता अशोक. पाकिटावर चौघांचाही पत्ता सारखाच. चक्कीवाल्याच्या घरी पूजा नावाची मुलगी आहे आणि डाव्याच्याही घरी पूजा आहे. एकदा ‘कु. पूजा अशोक निखाडे’ या नावानं नागपूरच्या दवाखान्यातून पत्र आलं. डाव्याची पूजा तेव्हा नववीत होती, तिला कोण नर्स म्हणून बोलावणार? मी सरळ चक्कीवाल्याच्या शेतावर गेलो. रोवणा चालू होता, म्हणजे धानाची लावणी. पोरगी गुडघाभर चिखलात उभी. तिनं ओढणीला हात पुसून सही केली, तरी कागदावर चिखलाची चार बोटं उठलीच. आज ती नागपुरात नोकरीला आहे. गावी आली की मला अजून ‘डाकवाले काका’ म्हणते. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तर एका उन्हाळ्याच्या शेवटी बातमी आली की आमच्या गावातलं वाटप बंद होणार. खोली राहील, बाई राहतील, पण पत्रं तालुक्याच्या केंद्रातून एक जण मोटारसायकलवर आणून वाटणार. त्याच्याकडे वीस गावं राहणार. गाव खवळलं. ज्यांनी दहा वर्षांत पोस्टाची पायरी चढली नव्हती, ते पोस्ट आपल्या आजोबांनी बांधल्यासारखे बोलू लागले. एकानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, “आपलं पोस्ट आहे तरी कुठं, हरिदासभाऊ?” आणि ते दाखवल्यावर तिथंच उभा राहून त्यानं घोषणा दिली.

ग्रामसभा भरली. सरपंच सुनंदाताई बाई धडाडीची, स्वतः रोवण्यात उतरणारी आणि स्वतःच निर्णय घेणारी. पण सभा हातात घेतली ती मारोतीभाऊंनी. मारोतीभाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, गावातले जुने शेतकरी. त्यांच्या घरी माझा रोजचा चहा ठरलेला. गावात तेवढंच एक घर, जिथं मी सायकल भिंतीला न टेकवता सरळ ओसरीत नेत असे. ते उभे राहिले आणि म्हणाले, “सरकारचा कागद येईन. तो कोनी घेऊ नका. कागद घेतला का फसला. कागद नाही घेतला त कोनाचा बाप काही करू शकत नाही. विचारा हरिदासले.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे मलाही ठाऊक नव्हतं.

ठराव झाला: डाक खात्याचा कोणताही कागद गावानं घेऊ नये. आणि तो ठराव खात्याला कळवायला गावानं काय करावं? तो रजिस्टरनं पाठवला. माझ्याच हातानं. वर सुनंदाताईंनी बजावलं, “पोचपावती आली पाहिजे हं भाऊ. घेतला नाही म्हनतीन मंग.”

पंधरा दिवसांनी थैलीतून ते पाकीट निघालं. मा. सरपंच, ग्रामपंचायत. पाठवणारं आमचंच विभागीय कार्यालय. पाकीट बंद, आत काय आहे ते पाहायचा मला अधिकार नाही. पण इतक्या वर्षांत पाकिटाची चाल कळायला लागते. वाटप बंद करायचा हुकूम असता तर तो मास्तरीणबाईंच्या नावे आला असता. तो गावाला कशाला पाठवतील? गावाला पत्र आलं म्हणजे गावाला काहीतरी विचारलेलं होतं. मी घाईनं ग्रामपंचायतीत गेलो.

सुनंदाताई खुर्चीत होत्या. मला पाहून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“ताई, घ्या. हे बंद कराचं पत्र नसन. काहीतरी विचारलं असन.”

“फोडून पाह्यलं का तुमी?”

“नाही.”

“मंग कसं समजलं?”

“अंदाज आहे.”

“अंदाजावर गाव नाही चालत, भाऊ. ठराव आहे. मी नाही घेत.”

आता नियम अगदी साफ होता. माणूस समोर आहे, घेत नाही म्हणतो, म्हणजे ‘घेण्यास नकार’. मोबाईलवर बोट ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. पण तसं केलं असतं तर पत्र त्याच दिवशी परत निघालं असतं, आणि विचारणाऱ्याला गावाचं उत्तर मिळालं असतं की गावाला काही म्हणायचंच नाही. मी ग्रामपंचायतीच्या उघड्या दारात, सरपंचाच्या समोर, ‘घर बंद’वर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर ताई आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली. त्यांनी दोन्ही हात वर केले. “चिखल आहे हाताले.” मी म्हटलं, धुवून घ्या. त्या म्हणाल्या, “रोवना झाल्यावर धुईन.” तिसऱ्या दिवशी गावानं माझ्यावर पहारा बसवला. मी चौकात वळलो की पानठेल्यावरचा एक जण मोबाईल कानाला लावायचा आणि मी पोचेपर्यंत ग्रामपंचायतीत फक्त शिपाई उरायचा. चौथ्या दिवशी त्या माहेरी गेल्या. त्यांचं माहेर याच गावात आहे, तीन घरं सोडून. मी तिथं गेलो तर त्यांची आई म्हणाली, “सासरी गेली.” ज्यांचं पोस्ट वाचवायला मी धडपडत होतो, तेच सगळे मिळून मला चुकवत होते, आणि दुपारी मला भेटून विचारत होते, “काय म्हनते हरिदासभाऊ, पोस्ट वाचते ना?”

संध्याकाळी बाई माझी नोंद पाहायच्या. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, “काका, ग्रामपंचायत आजही बंद? मी सकाळीच तिथून दाखला आणला.” मी म्हटलं, “तुम्ही बाहेर पडल्या असाल आणि लागलंच बंद झालं असेल.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तीन महिने राहिलेत तुमचे. खोटी नोंद सापडली तर नोकरी तर जाईलच, शेवटची रक्कमही अडकेल. कळतंय ना?” कळत होतं. रात्री बायकोही तेच म्हणाली, फक्त जरा जास्त जोरात.

लोक ऐकत का नव्हते, हे खरं तर मला पुरतं ठाऊक होतं. कागद घेतला का फसला, हे गावाला मीच शिकवलं होतं.

नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. मारोतीभाऊंच्या चुलतभावानं बोडीखालच्या बांधीवरून त्यांच्यावर केस केली. गावातली ती सगळ्यात चांगली बांधी, बोडीचं पाणी पहिलं तिलाच. कोर्टाचं रजिस्टर आलं. भाऊ म्हणाले, “घर बंद लिहून दे ना, बावा.” मी तरुण होतो, ते मोठे होते, आणि आपल्या एका शेऱ्यानं कोर्ट परत जातं याची मला मजाही वाटली. तीन वेळा रजिस्टर आलं, तीन वेळा मी ‘घर बंद’ लिहिलं. मग नोटिसा यायच्या थांबल्या. भाऊंनी मला बोलावून पोटभर जेवू घातलं आणि गावभर सांगितलं की हरिदासनं केस परतवली. तेव्हापासून गावाला चाल सापडली.

पुढे बांधी गेलीच. भाऊ म्हणाले, नशिबात नव्हती. मीही तेच समजत होतो. नंतर बऱ्याच वर्षांनी एका वकिलाच्या कारकुनानं बोलता बोलता मला सांगितलं की त्या केसच्या कागदांत माझे तीन शेरे लावलेले आहेत. माणूस गावात आहे आणि मुद्दाम टाळतो, असं कोर्टानं धरलं, आणि भाऊ गैरहजर म्हणून एकतर्फी निकाल लागला. भाऊंकडे बांधी कोण कसतो ते दाखवणारी जुनी पेरेपत्रकं होती, दोन साक्षीदार होते. नुसते जाऊन उभे राहिले असते तरी बांधी राहिली असती, असं तो कारकून म्हणाला. मी घरी आलो आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा भाऊंकडे चहा घेतला. त्यानंतर रोज घेतला. माझ्या नोकरीत लाज वाटावी अशी एकच गोष्ट आहे आणि ती ही.

सहाव्या दिवशी दुपारी मी पाकीट घेऊन भाऊंच्या शेतावर गेलो. ते धुऱ्यावर बसून धानाच्या रोपांच्या पेंढ्या बांधत होते. म्हणाले, “ये. पन तो कागद तिकडं ठेव.”

“भाऊ, कागद न घेतल्यानं तुमची केस परत नव्हती गेली.”

“मंग?”

“कागद न घेतल्यानंच बांधी गेली. तुम्ही टाळता म्हनून धरलं. तुमच्यामागं निकाल लागला. घर बंद मी लिहिलं होतं, त्याच्यानंच.”

त्यांनी हातातली पेंढी बांधून पुरी केली. दुसरी घेतली, तीही बांधली.

“तुले कधी समजलं?”

“बावीस वरसं झाली असतीन.”

“बावीस वरसं तू माझ्या घरी चहा पेत राहिला?”

“हो.”

मी वाट पाहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी बांधीच्या पाण्यात हात धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि घराकडे निघून गेले. पेंढ्या धुऱ्यावरच राहिल्या. उन्हानं सुकू नयेत म्हणून मी त्या पाण्यात नेऊन ठेवल्या आणि मग तिथंच बसून रडलो.

सातव्या दिवशी सकाळी सुनंदाताई ग्रामपंचायतीच्या दारातच उभ्या होत्या. “आना, कुठं सही करू?” मी सहीची जागा दाखवली. त्या म्हणाल्या, “मारोतीभाऊ आले होते दिवस निघता निघता. घे म्हनाले. दुसरं काही बोलले नाही.”

त्यांनी पाकीट फोडलं. वाटप हलवण्याबाबत गावाचं म्हणणं ऐकून घ्यायचं आहे, तरी प्रतिनिधींनी चार दिवसांनी भंडाऱ्याला हजर राहावं. कोणी न आल्यास गावाची हरकत नाही, असं समजण्यात येईल. सुनंदाताईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि मग मनातल्या मनात परत वाचलं. पानठेल्यावरचा पहारेकरी म्हणाला, “हे आधीच काहून नाही सांगितलं?” मी सायकल काढली.

निकालाचं आताच सांगून टाकतो, कारण मला शेवटी दुसरं सांगायचं आहे. महिनाभरानं पत्र आलं की पुढील आदेशापर्यंत वाटप गावातूनच राहील. ते रजिस्टर सुनंदाताईंनी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. मी सुखरूप निवृत्त झालो, आणि आज एक तरुण मुलगी स्कूटीवर गावात पत्रं वाटते. चार अशोक तिला मी दोन दिवस फिरून शिकवले. पुढचा आदेश कधी येईल ते माहीत नाही, पण आला तर लोक तो घेतील एवढं नक्की.

तर सुनावणी. आम्ही छोट्या टेम्पोत मागे बसून भंडाऱ्याला गेलो. मलाही हजर राहायचा निरोप होता. मारोतीभाऊ येतील असं कोणाला वाटलं नव्हतं, पण ते आले आणि माझ्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात बसले. रस्ताभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सुनावणी घेणारे साहेब शांत माणूस. म्हणाले, पत्त्यावर नाव असतं, मोबाईल नंबर असतो, वाटप कोणीही करील, अडचण काय? सुनंदाताई म्हणाल्या, “साहेब, अशोक निखाडेले आवाज द्या.” साहेबांनी दिला. मागच्या रांगेतून चौघे उठले. ताई म्हणाल्या, “याच्यातला तुमाले कोनता पाहिजे?” साहेब हसले. मग त्यांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या आणि लिहूनही घेतल्या. सगळं नीट चाललं होतं. शेवटी त्यांनी संगणकात पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“आमचं पत्र सहा दिवस ‘घर बंद’ दाखवलंय. ग्रामपंचायत सहा दिवस बंद होती?”

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर साहेबांसमोर खोटं, नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली आणि खोट्या नोंदी करणाऱ्या पोस्टमनचं वाटप कोण राखील? मी उठायला लागलो. तेवढ्यात मागून आवाज आला.

“होती बंद, साहेब.”

मारोतीभाऊ उभे होते.

“तुम्ही कोण?”

“गावचा शेतकरी. कुलूप मीच लावलं होतं.”

“सहा दिवस?”

“रोवन्याचे दिवस होते. मानसं बांधीत, सरपंच बांधीत. उघडं ठेवून का कराचं? बकऱ्या घुसतेत. हा रोज येऊन पाहून जाये. सातव्या दिवशी मी उघडलं.”

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बराच वेळ पाहिलं. मग संगणक बाजूला सारून म्हणाले, “ठीक आहे. या तुम्ही.”

परतताना गाडीत सगळे मोठमोठ्यानं बोलत होते. चारही अशोक आपण कसे उठलो ते एकमेकांना दाखवत होते. मारोतीभाऊ कोपऱ्यातून उठले, तोल सावरत आले आणि माझ्या शेजारी बसले. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी तसाच राहू दिला. गाव दिसायला लागल्यावर ते माझ्याकडे न पाहता, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

“फिटलं म्हनू नको, हरिदास. बांधी मोठी होती.”

“हो भाऊ,” मी म्हटलं. “मोठी होती.”